शववाहिनीचा हीटर

ड्रायव्हरने काच आतून चौथ्यांदा पुसली आणि शववाहिनी घाटात कडेला घेतली.

"आता पुढे नेत नाही," तो म्हणाला. "बाहेर धुकं, आत वाफ. हीटर नुसती गार हवा फेकतोय. मागच्यांना कसली घाई नाही, आणि मला दरीत जायचं नाही."

मागचे म्हणजे उस्ताद. चाळीस वर्षं त्यांनी गावातल्या गाड्या दुरुस्त केल्या. त्यातही हीटर म्हणजे उस्ताद आणि उस्ताद म्हणजे हीटर. थंडी पडली की लांबलांबून लोक कुडकुडत त्यांच्या गॅरेजला यायचे आणि दुसऱ्या दिवशी कोट काढून घरी जायचे. त्यांच्याच अखेरच्या प्रवासात हीटर बंद पडावा, हे थोरल्याच्या जिवाला फार लागलं.

थोरला हा उस्तादांचा पहिला चेला. बारा वर्षं त्यांच्या हाताखाली काढून त्याने स्वतःचं गॅरेज टाकलं होतं. शेजारी धाकटा चेला बसला होता. त्याने आपलं गॅरेज थोरल्याच्या बरोबर समोर टाकलं होतं, त्यामुळे सहा वर्षं दोघांत बोलणं नव्हतं. पुढे ड्रायव्हरजवळ काकू, उस्तादांच्या पत्नी, मांडीवर पुष्पचक्र घेऊन गप्प बसल्या होत्या. स्मशानात बाराची वेळ मिळाली होती. अकरा वाजून गेले होते. वेळ चुकली तर उस्तादांना परत घरी न्यावं लागणार होतं.

"थर्मोस्टॅट," उतरता उतरताच धाकटा म्हणाला. "उघडा अडकलाय. इंजिन तापतच नसणार."

"काटा बघ आधी," थोरला म्हणाला. "इंजिन छान तापलंय. पाण्यात हवा धरलीय."

सहा वर्षांनी दोघं एकमेकांशी बोलले ते हे असं.

पान्यांची पेटी मागवली, तर ती उस्तादांच्या खाली होती. इलाज नव्हता. तिघांनी मिळून उस्तादांना स्ट्रेचरसकट उचललं आणि कठड्यालगत सपाट जागा बघून अलगद ठेवलं. मागून येणारा एक ट्रक थांबला.

"अपघात का हो?" ट्रकवाल्याने विचारलं.

"नाही," ड्रायव्हर म्हणाला. "हीटर."

ट्रकवाल्याने स्ट्रेचरकडे पाहिलं, बॉनेटकडे पाहिलं, आणि गिअर टाकला.

पंधरा मिनिटं गेली. थर्मोस्टॅटवरून वाद वॉटर पंपावर आला, पंपावरून कोणाच्या गॅरेजात किती गाड्या परत येतात यावर आला. शेवटी धाकटा हळू आवाजात म्हणाला, "उस्तादांनी काय केलं असतं?"

सगळ्यांनी कठड्याकडे पाहिलं.

उस्ताद काय करत, हे थोरल्याला तोंडपाठ होतं. ते बॉनेटवर तळवा ठेवत, डोळे मिटत, गिऱ्हाइकाची सगळी कहाणी शांतपणे ऐकून घेत आणि म्हणत, "उद्या या." मग शटर खाली. विद्या उघड्यावर दाखवायची नसते, असं त्यांचं म्हणणं होतं. चाकं, तेल, बॅटरी हे सगळं थोरल्याने त्यांच्याकडून शिकून घेतलं, पण हीटर आला की त्याला काहीतरी आणायला बाहेर पिटाळलं जाई. स्वतःच्या गॅरेजात तोही तळवा ठेवून डोळे मिटू लागला होता. गिऱ्हाइकांवर छाप पडे. काही गाड्या त्यानंतर सुरूही होत.

त्याने आता तळवा ठेवला. डोळे मिटले. बॉनेट कोमट होतं. याहून जास्त त्याला काहीही कळलं नाही, आणि ते कोणाच्या लक्षात येऊ नये म्हणून त्याने डोळे बराच वेळ मिटलेलेच ठेवले.

"सरक जरा," काकू म्हणाल्या.

त्या कधी उतरल्या कोणाला कळलंच नव्हतं. त्यांनी पुष्पचक्र थोरल्याच्या हातात दिलं, स्वेटरच्या बाह्या वर सरकवल्या आणि बॉनेट उघडलं. टाकीतलं पाणी पाहिलं. मग हीटरकडे जाणारे दोन्ही रबरी पाइप दोन हातांनी धरले.

"हा चटके देतोय, हा गारठलाय. पाणी आत शिरतच नाहीये. हीटरचा कॉक बंद आहे."

त्यांनी हात कोपरापर्यंत आत घातला. चाचपलं. "केबल निसटलीय." मग थोरल्याच्या हातातल्या पुष्पचक्राची एक तार ओढून काढली, चार फुलं झटकली, आणि तो कॉक उघडा करून तारेने आवळून बांधला.

"चालू कर रे."

ड्रायव्हरने गाडी चालू केली. मिनिटभरात काचेवरची वाफ खालून वर विरत गेली आणि रस्ता दिसू लागला. आतून उबदार हवेचा झोत आला. तिघांनी उस्तादांना उचलून परत आत ठेवलं.

थोरला दार लावायचं विसरून तसाच उभा होता. बारा वर्षं. ते शटर.

"काकू," तो म्हणाला, "मग उस्ताद काय करायचे?"

काकू रुमालाने एकेक बोट पुसत होत्या. त्यांचे डोळे भरून आले होते.

"गिऱ्हाइकांशी बोलायचे," त्या म्हणाल्या. "मला ते कधी जमलं नाही. सोमवारी तीन गाड्या यायच्यात. तुम्हा दोघांतलं कोण येतंय बोलायला?"