पितळेचा सांधा

भीमराव मिस्त्रींना ऐकू येत नाही, हे पूर्णिमाला बिबवेवाडीच्या गॅरेजात गाडी लावल्यावर कळलं. गाडीचा फटफट आवाज कुठून येतो ते शोधायला ती हिंजवडीच्या ऑफिसातून रजा काढून, वडिलांना घेऊन आली होती.

दोन गॅरेजांत सायलेन्सर बदलून झाला होता. तरी धूर आत येतच होता. गेल्या रविवारी स्वारगेटच्या सिग्नलला तिच्या वडिलांनी, रावसाहेबांनी, मागच्या सीटवर मान टाकली. तिला वाटलं, झोपले. दवाखान्यात ते शुद्धीवर आल्यावर डॉक्टरांनी बजावलं, ही गाडी काढून टाका. साठ वर्षांची विलायती गाडी. रावसाहेब हो म्हणाले आणि त्या दिवसापासून जेवेनासे झाले.

ईमेलच्या छापील कागदामागे तिनं लिहिलं : आवाज, धूर, बाबांना चक्कर. भीमरावांनी वाचलं. ओलं गोणपाट तिच्या हाती देऊन मागच्या धुराच्या नळीच्या तोंडावर दाबून धरायला सांगितलं, म्हणजे कोंडलेला धूर फट असेल तिथून बाहेर पडेल, आणि गाडी सुरू केली.

मग ते इंजिनावर वाकले. लांब स्क्रूड्रायव्हरची मूठ दातांत धरली, टोक लोखंडाला टेकवलं, डोळे मिटले. इंजिनाची थरथर दातांनी टिपत एकेक वीत पुढं सरकत गेले. एका जागी थांबले. हाताची मागची बाजू ओली करून तिथं जवळ नेली आणि मान हलवली. सगळं मिळून चार मिनिटं लागली असतील. खुर्चीवर बसलेले रावसाहेब कधी उठून उभे राहिले, ते पूर्णिमाला कळलंच नाही.

इंजिनातला धूर बाहेर नेणारा बिडाचा नळ दुपारी सुटून खाली आला. पालथा केला तर केसाएवढी चीर. तिच्या शेजारीच, दुसऱ्या चिरेवर, पितळ वितळवून घातलेला एक जुना सांधा होता, माशाच्या खवल्यांसारखा एकसारखा. इतक्या आत, जिथं कुणाची नजर जायची नाही, तिथं कुणीतरी तो घातला होता.

भीमरावांनी त्यावरून अंगठा फिरवला. 

"ताई, फुटलंय ते मूळचं," ते म्हणाले. "जोडलेलं शाबूत हाय."

कुणी जोडलं असेल, असं तिनं लिहून विचारलं. त्यांनी कागद वाचला, घडी करून परत दिला.

"हितं कोण नाव घालतंय?"

संध्याकाळपर्यंत त्यांनी जुन्या सांध्याशेजारी आपला सांधा घातला आणि ती बाजू पूर्वीसारखीच आत ठेवून नळ बसवला. इंजिन सुरू केलं. पूर्णिमा कान देऊन उभी राहिली. फटफट गेली होती. उरली होती ती नुसती घरघर, मांजराची असावी तशी.

रावसाहेब गाडीच्या दाराकडं निघाले. भीमरावांनी त्यांना हातानं थांबवलं. इंजिन चालूच ठेवून स्वतः मागच्या सीटवर जाऊन बसले, चारी काचा वर केल्या, हात मांडीवर ठेवले. दहा मिनिटं झाली. वीस झाली. काचेआड ते सावकाश, खोल श्वास घेत होते.

मग ते उतरले आणि दार उघडं धरलं.

"बसा, रावसाहेब."