भोंग्याविना

शंभर वर्षे खोरे उजळीत आलेले ते धरण आता आपले दरवाजे आपणच उघडीत असे. आज ते इशाऱ्याच्या भोंग्याविना उघडू लागले, तेव्हा देखरेखीवरील वसुमतीने घाईने फोन लावला. तिचा भाऊ जयवंत पाण्याची मोटार दुरुस्त करण्यास नदीपात्रात उतरला होता आणि फोन उचलत नव्हता.

“भोंगा दे,” ती म्हणाली.

“भोंगा ऐकला की लोक मोटारी वाचवायला नदीत धावतात, ताई. गेल्या पुरात एकोणीस बुडाले,” धरण कक्षातील ध्वनिवर्धकातून शांतपणे म्हणाले.

“जयवंत आधीच पात्रात आहे.”

“तो एकटाच आहे.”

भोंग्याची जुनी कळ तिच्या हाताशी होती. काठावरील चाळीस घरांची दारे उघडी दिसत होती. पाणी गर्जत खाली निघाले, आणि तिचा हात उचलेना.