दोन स्क्रीन

"हा देऊन तो घ्यायचाय." योगिताने आपला लॅपटॉप काउंटरवर ठेवला आणि मागच्या फळीवरच्या साध्या लॅपटॉपकडे बोट केलं. "वरचे पैसे रोख द्या."

दुकानदार केतनभाईने तिचा लॅपटॉप उघडला आणि मान हलवली. "बेन, आवी स्क्रीन पछी नहीं मळे."

"अशी स्क्रीन परत मिळायची नाही, मीही सकाळपासून तेच सांगतोय," हेमराज म्हणाला.

त्याला बायकोचं काही कळेनासं झालं होतं. योगिता डिंडोलीतल्या घरी बसून साड्यांच्या छपाईची डिझाइनं काढायची. रंग जसाच्या तसा दाखवणारी ही स्क्रीन म्हणजे तिच्या कामाचं हत्यार. हेमराज कापड मार्केटात टेम्पो चालवायचा, त्याला कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नव्हतं; पण लॅपटॉप घ्यायचा तर भारीतलाच घे, म्हणून तोच तिच्या मागे लागला होता. आता तो विकायचं कारण ती धड सांगत नव्हती. कधी म्हणायची काम कमी झालंय, कधी म्हणायची जड होतो.

केतनभाई भला माणूस होता. त्याने दोन्ही लॅपटॉप शेजारीशेजारी ठेवले आणि दोन्हींवर योगिताचंच एक डिझाइन उघडलं. हेमराज बघतच राहिला. एका स्क्रीनवर राणी रंगाचा पदर पेटल्यासारखा दिसत होता. दुसरीवर तोच पदर धुऊन धुऊन विटल्यासारखा.

"बघ, बघ! तुझ्या साडीची काय दशा झाली ती."

"राणी पदर, मोरपंखी काठ, मध्ये हळदी बुट्टे," ती न अडखळता म्हणाली. "एवढा काही फरक नाही. चालेल मला."

"चालेल काय? मग मिलवाले काम परत पाठवतील, आणि पुन्हा मी भांडायला जाऊ?"

मागे रंगांची जोडणी बिघडलीय म्हणून मिलने तिचं काम परत केलं, तेव्हा हेमराज छपाईवाल्यांशी हमरीतुमरीवर आला होता. चूक तुमच्या मशीनची आहे, माझ्या बायकोची नाही, असं त्याने सगळ्या खात्यासमोर ऐकवलं होतं. योगिता तेव्हा बाहेर टेम्पोत बसून राहिली होती. आत ये, म्हटलं तरी आली नव्हती.

फरक नीट दिसावा म्हणून केतनभाईने दोन्ही स्क्रीनवर आपल्याकडचा एक फोटो उघडला. टोपलीभर मिरच्या होत्या. "आमां जुओ बेन. आमां चोख्खो फरक देखाशे."

योगिता पुढे वाकली. या स्क्रीनवरून त्या स्क्रीनवर तिची नजर फिरली.

"हं," ती म्हणाली. "मिरच्यांचा हिरवा थोडा फिका वाटतो. तेवढं चालतं."

बेनने गंमत केली असं समजून केतनभाई हसला. हेमराज हसला नाही. त्याने मिरच्यांकडे पाहिलं, मग बायकोच्या तोंडाकडे. तिथे गंमत नव्हती.

"योगिता," तो हळू आवाजात, दुकानदाराला कळू नये म्हणून घरच्या अहिराणीत म्हणाला, "लाल शेतस त्या मिरच्या."

तिने काउंटरची कड धरली.

"माले लाल दिसत नही आते," ती म्हणाली.

"कव्हापाईन?"

"दिवाळीपाईन."

केतनभाई दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला होता. योगिता खाली बघत, तुटक तुटक बोलत गेली. डोळ्यांच्या डॉक्टरकडे ती एकटीच जाऊन आली होती. नस सुकत चाललीय. आधी लाल गेला, मग हिरवा. जे गेलं ते परत यायचं नाही, असं डॉक्टर म्हणाले. अक्षरं अजून दिसतात, ती किती टिकतील ते सांगता येत नाही. पार्सल पाठवणाऱ्या एकाकडे पत्ते टाइप करायचं काम तिने बोलून ठेवलं होतं. त्याला ही स्क्रीन कशाला?

"सांगं काबर नही माले?"

सांगितलं असतं, तर तुम्ही रोज विचारलं असतं, ती म्हणाली. हे दिसतं का, ते दिसतं का. आणि मी रोज नाही म्हटलं असतं.

हेमराजच्या जिभेवर तोच प्रश्न आला होता. आपण घातलेला शर्ट हिला कसा दिसतोय, आपलं तोंड कसं दिसतंय. तो त्याने गिळला. मिलमधला तो सगळा तमाशा त्याला आठवला, बाहेर टेम्पोत बसलेली ती आठवली.

केतनभाई परत आला. "शुं करवुं छे, भाई?"

"बदलून द्या," हेमराज म्हणाला.

मग सगळं भराभर झालं. जुन्यातलं काय काय ठेवायचं, असं विचारल्यावर योगिता म्हणाली, काही नको, पुसून टाका. राणी पदर, मोरपंखी काठ, इतक्या वर्षांच्या साड्या पुसल्या जात होत्या आणि ती शांतपणे नव्या लॅपटॉपच्या कळा दाबून बघत होती. कळा कडक होत्या.

केतनभाईने खुशीत येऊन खालच्या खणातून पाच-सहा कव्हरं काढली आणि काचेवर पसरली. केशरी, पोपटी, गुलाबी, निळं. लॅपटॉपबरोबर एक कव्हर फुकट होतं. "लो बेन, पसंद करो."

योगिताने त्या कव्हरांकडे पाहिलंच नाही. "तुम्ही सांगा," ती नवऱ्याला म्हणाली.

हेमराजने आजवर स्वतःच्या शर्टाचाही रंग निवडला नव्हता. घरात ते काम तिचं होतं. त्याने एक कव्हर उचललं, खाली ठेवलं, दुसरं उचललं.

"काळं द्या," तो म्हणाला.

केतनभाईने खणात पुन्हा हात घालून चाचपलं आणि नकारार्थी मान हलवली.

"काळुं तो नथी, भाई. बधां कलरवाळां ज छे."