दाढीखालचे बाबा

दाढीखाली बाबा कसे दिसतात, हे आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. आई म्हणायची, “माझं लग्नसुद्धा दाढीशीच लागलंय.” माझा चेहरा मुरमांनी भरला तेव्हा मी जाहीर केलं, “मी पण दाढी वाढवणार.” बाबांनी मला बेसिनपाशी नेलं, कोमट पाण्यानं तोंड धुवायला लावलं. “घासू नकोस. केसांच्या दिशेनंच रेझर फिरव, पुटकुळी आली की वळसा घाल. थांब, दाखवतो.” आणि त्यांनी चक्क स्वतःच्या दाढीला कात्री लावली! मी श्वास रोखून बघत राहिलो. पुंजके पडले, मग रेझर फिरला. गालभर जुन्या मुरमांचे खड्डे होते. टॉवेल घेऊन आलेली आई दारातच थबकली. बाबांनी तोंड फिरवलं. आईनं हनुवटी धरून ते उजेडाकडे वळवलं. बाबा कसनुसं हसले, तशी आई म्हणाली, “अगंबाई! इतकी वर्षं ही खळी लपवलीत माझ्यापासून?”