जुन्याला परत सोडताना

“चूक माशाची नाही, तुमची आहे,” दुकानदार समोरच्या गिऱ्हाइकाला झापत होता. “हा निळा डॅमसेल तुम्ही वर्षभर एकटा ठेवलात. सगळी टाकी त्याला आपलीच वाटायला लागली. आता त्यात कोणालाही सोडा, तो सुखाने राहू देणार नाही.”

गिऱ्हाईक मान खाली घालून निघून गेलं. खाऱ्या पाण्यातले मासे विकणाऱ्या या माणसाला सगळे मास्तर म्हणत. कोणता मासा कोणाबरोबर नांदेल, याची तोंडी परीक्षा घेतल्याशिवाय तो मासा हातात देत नसे. “अहो, मासे विकताय की मुली देताय?” असं त्याची बायको गल्ल्यावरून विचारायची.

दाराशी एक म्हातारे गृहस्थ उभे होते. शेजारच्या दुकानात चष्म्याची काडी बसवून होईपर्यंत सावलीला आले असावेत. चष्मा नसल्यामुळे त्यांचा चेहरा उघडा पडल्यासारखा दिसत होता.

“जुना नव्याला मारतो का हो?” त्यांनी हळूच विचारलं.

“मारतोच असं नाही. नुसता मागे लागतो. नवा खायला आला की आडवा येतो, कपारीत शिरला की तिथून हुसकतो. नवा मासा धसक्यानेच खंगतो. नाहीतर झाकण उघडं सापडलं की बाहेर उडी घेतो.”

म्हातारे काचेजवळ सरकले. “आमची तशीच गेली.”

“उडी मारून?”

“तसंच. सकाळी उठून बघतो, तर नव्हती.”

“आणि जुना? कसा आहे तो?”

“साधाच. करडा. दिसायला अगदी गरीब. पण जिथली वस्तू तिथेच लागते त्याला. जरा काही हललं की झालं. आदळआपट नाही, काही नाही. नुसता मागे मागे.”

“असतात असे. खडासुद्धा हलू देत नाहीत.”

“आता नवी येतेय. मुलगा आणतोय.” म्हाताऱ्यांनी नसलेला चष्मा नाकावर सारखा केला. “किती दिवसांनी हसताना दिसला तो. हीसुद्धा गेली, तर पुन्हा काही आणायचा नाही.”

“मग तो जुना आम्हाला देऊन टाका, आजोबा,” मास्तरची बायको म्हणाली. “पडून राहील एका टाकीत.”

“घ्याल?”

हे त्यांनी इतक्या लगबगीने विचारलं की नवराबायको दोघंही हसली. म्हातारेही ओशाळून हसले. “पण मुलगा सोडायचा नाही. जीव आहे त्याचा त्याच्यावर. एवढं सगळं होऊनसुद्धा.”

मास्तरला त्यांची दया आली. स्टूल पुढे सरकवून त्याने नीट समजावून सांगितलं. “नवी यायच्या आधी जुन्याला बाहेर काढायचं. दुसरीकडे कुठेतरी ठेवायचं.”

“बहिणीकडे जागा आहे.”

“उत्तम. मग टाकीतले सगळे दगड हलवायचे. एकही पहिल्या जागी ठेवायचा नाही. नवीला सोडायचं, तिला हवी ती कपार धरू द्यायची. ती बिनधास्त फिरायला लागली की मगच जुन्याला आणायचं. त्याला काहीच ओळखीचं लागत नाही. मग तोच पाहुणा होतो.”

“दगड मीच हलवायचे?”

“मग कोण?”

“मी हलवले तर परत होते तसेच लावून ठेवीन.”

“कमाल आहे! मग दुसऱ्या कोणाला सांगा. आणि एक लक्षात ठेवा. जुन्याला परत सोडताना आधी दिवा मालवायचा. उजेडात सोडलात, तर पहिल्या क्षणापासून आपली जागा शोधत फिरतो. अंधारात गुपचूप शिरतो, मिळेल त्या कोपऱ्यात.”

म्हाताऱ्यांनी मान डोलावली. दारापर्यंत गेले आणि परत वळले. “वाईट वाटेल का हो त्याला?”

“माशाला?” मास्तरला हसू आलं. “दोन दिवस खाणार नाही. मग येईल भूक लागली की.”

“आणि पुन्हा पहिल्यासारखाच वागला तर?”

“खोड आहे, आजोबा. हमी कोण देणार?”

ते गेल्यावर मास्तरच्या लक्षात आलं, की आपण टाकीचं माप विचारायलाच विसरलो. एवढी वर्षं दुकान चालवून अशी चूक त्याच्याकडून कधी झाली नव्हती. आपण हसलो, तेही त्याला सलत राहिलं. शेवटी त्याने बारीक जाळीचं एक झाकण बनवलं, कुठल्याही टाकीला कापून बसवता येईल असं मोठं, आणि ते बांधून ठेवलं. म्हातारे काही पुन्हा आले नाहीत. तेव्हा चष्मेवाल्याला पत्ता विचारून, दिवेलागणीला तो स्वतःच त्यांच्या घरी गेला.

दार एका तरुण बाईने उघडलं. केस वर बांधलेले, हाताला धूळ.

“आजोबा आहेत का? मी माशांचा दुकानदार. त्यांच्यासाठी झाकण आणलंय.”

“बाबा एवढ्यात येतीलच. हे आणायला गेलेत त्यांना, आत्याबाईंकडून. बसा ना. पसारा आहे हं, आत्ता कुठे कपाटं लागली.” ती घाम पुसत हसली. “बाबा जाताना मला बजावून गेलेत, एकूण एक सामान तुझ्या मनासारखं हलव, मला विचारू नकोस. त्यांची खुर्ची हलवताना मात्र माझा हात धजेना. पण तीही हलव म्हणाले होते.”

खिडकीखाली, फरशीवर, खुर्चीच्या पायांचे चार डाग होते. तिथे आता तिचं शिवणयंत्र होतं. मास्तरने चारी भिंतींवरून नजर फिरवली.

“टाकी आत ठेवलीय का?”

“टाकी? कसली टाकी?”

जिन्यात पावलं वाजली. पुढे मुलगा, हातात बॅग. मागे म्हातारे. मास्तरला बघताच त्यांनी नजर खाली वळवली. मग खिडकीकडे पाहिलं, कपाटाकडे पाहिलं, आणि उंबऱ्याबाहेरच थांबले.

“बाबा, या ना आत,” ती म्हणाली.

“येतो,” ते म्हणाले. “सूनबाई, आधी तेवढा दिवा मालवतेस का?”