पंपाची गुणगुण

शाळेतल्या साळोखेबाईंची गाडी सुरू होत नव्हती. मेकॅनिक दस्तगीरचाचांनी चावी फिरवली आणि मागच्या सीटखालच्या टाकीकडे कान दिला. इंजिन फिरण्याआधी टाकीतला पेट्रोलचा पंप क्षणभर गुणगुणतो. त्या गुणगुणीवरून बिघाड सांगण्यात इचलकरंजीत चाचांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

"पंप गेलाय, बाई."

त्यांनी नवा पंप बसवून चावी फिरवली. काहीच ऐकू आलं नाही.

"हाही बंदच!" चाचा चिडले.

"वाजतोय की, चाचा," बाई म्हणाल्या. "मगाशी जुनाही वाजत होता."

चाचांनी बाईंना परत चावी फिरवायला लावून टाकीवर तळवा ठेवला. पंप थरथरत होता. मग त्यांनी दाब मोजला. दाब टिकवणारा रेग्युलेटर सगळं पेट्रोल टाकीत परत सोडत होता. पंपात दोष नव्हताच.

चाचांनी पान्हा परत उचलला. मग त्यांनी रेग्युलेटर बदलला, जुना पंप पुन्हा जागेवर बसवला आणि बाईंकडे न बघता म्हणाले,

"तुम्हीच चावी फिरवा, बाई. पंप वाजला की मला सांगा."