माझी ना नाही

मोटरसायकल आजही मागेमागेच आली. पुढे जात नव्हती, थांबतही नव्हती. हेल्मेटची काच खाली, नंबरावर चिखल फासलेला. शाळेपासून बापाच्या शिलाईच्या दुकानापर्यंत मास्तरीण जीव मुठीत धरून चालली. मास्तरीण हे बापानेच ठेवलेलं लाडाचं नाव. होती ती अजून नववीत.

बापाने मशीन थांबवलं. "आजपण?"

तिने मान हलवली आणि तिला रडू कोसळलं.

"उद्या मी येतो बरोबर."

तो गेला त्या दिवशी रस्ता मोकळा होता. पण रोज गिऱ्हाइकं सोडून कसं जाणार? तो गेला नाही, की मोटरसायकल हजर.

आजीच्या तोंडाचा पट्टा घरात सुरूच असायचा. "ताडासारखी वाढलीय पोरगी. उद्या काही झालं तर तोंड कुठे लपवशील?"

"आई, तू मध्ये पडू नकोस. शिकेल तिला हवं तेवढं. माझी ना नाही."

गल्लीत असा बाप दुसरा नव्हता. तिचा गणवेशही त्यानेच शिवलेला, पुढे दोन वर्षं उसवून वाढवता येईल अशी शिवणीत भरपूर माया सोडून.

शाळेच्या बाई घरी आल्या. "पोलिसांत कळवू या."

"पोरीचं नाव चव्हाट्यावर येईल, बाई. तिलाच ठरवू दे."

मग एके दिवशी मोटरसायकल इतकी अंगावर आली, की मास्तरीण तोल जाऊन पडली. गुडघा फुटला. घरी येऊन तिने गणवेश धुतला, घडी केली आणि बापापुढे ठेवला.

"बाबा, मी नाही जात आता."

"मी म्हणालो का तसं?"

"तुम्ही कशाला म्हणाल? मीच नाही जात."

बापाने लेकीला जवळ घेतलं. त्याचेच डोळे भरून आले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा मामा दुकानात आला. हातातलं हेल्मेट त्याने कापडाच्या ताग्यावर ठेवलं.

"मित्राची गाडी देऊन आलो परत. दाजी, लागलं हो तिला काल. इतकी जवळ न्यायची नव्हती मला."

"मीही झोपलो नाही. पण मुलाकडच्यांना शिकणारी सून नको, काय करू?" बाप सुईत दोरा ओवत म्हणाला. "आणि तिला नाही म्हणायला माझी जीभ रेटली नसती."